नकाशा कपाटात, माणसं पाण्यात

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण पुढचा पावसाळा लागायच्या आत वाचा.

मी सर्व्हेअर. बावीस वर्षं नकाशे काढणं हाच पोटापाण्याचा धंदा. आधी टोटल स्टेशन खांद्यावर टाकून फिरायचो, मग डीजीपीएस आलं, आता ड्रोन उडवतो. राहतो एका महापालिकेच्या शहरात. पुणे-मुंबई नव्हे, त्यांच्यापेक्षा लहान. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल "तिकडचंच तसं आहे." तिकडचंच नाहीये. तुमच्याकडचंही तसंच आहे, फक्त अजून पाणी आलेलं नाही.

आमच्या शहरातला एक नाला मी तीन वेळा मोजलाय. पहिल्यांदा ड्रेनेज खात्यासाठी. तीन वर्षांनी रस्ते खात्यासाठी. त्यानंतर विकास आराखड्याचं काम ज्या एजन्सीला मिळालं होतं, तिच्यासाठी. तिन्ही वेळा मला पैसे मिळाले, माझी तक्रार नाही. पैसे तुमचे होते, तक्रार तुमची असायला हवी.

गंमत पुढेच आहे. हे तीन नकाशे एकमेकांवर ठेवले तर जुळत नाहीत. पहिल्यात लेव्हल मोजताना वॉर्ड ऑफिसची पायरी शंभर मीटर धरायला सांगितली होती. दुसऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची. तिसऱ्यात लेव्हल मागितलीच नव्हती. पहिल्या नकाशात त्याचं नाव "नाला क्र. ११". गावनकाशात तोच "ओढा". आणि तिसऱ्यात, हसू नका, त्याच्या काही भागावर "प्रस्तावित १२ मीटर रस्ता". पाण्याला हे कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे ते जुन्याच रस्त्यानं आलं.

माझी सख्खी मावशी त्या नाल्याकाठच्या गणेशनगरात तळमजल्यावर राहायची. एकटी, गुडघे गेलेले, शुगर. वरच्या धरणातून पाणी सोडलं त्या रात्री तीनच्या सुमाराला तिचा फोन आला, "अरे, बाथरूमच्या जाळीतनं पाणी वर येतंय." मी निघालो, पण पुलावर बॅरिकेड. कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला, बोट पाठवली. बोट गेली गणेशनगरात. दुसऱ्या गणेशनगरात. आमच्या शहरात तीन गणेशनगरं आहेत, दोन शिवाजीनगरं आणि साईनगरं किती ते मोजायचं मी सोडून दिलंय.

मावशी पाच तास स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून होती. इन्सुलिन फ्रिजमध्ये, फ्रिज पाण्यात आडवा. वाचली. शेजारच्या पोरांनी दुपारी खांद्यावर घेऊन बाहेर काढली. संध्याकाळी आमच्या घरी चहाचा कप हातात धरून बसली होती. एकच वाक्य बोलली, "तू एवढे नकाशे काढतोस, तुझा नकाशा कुठं होता रे?"

तिला काय सांगू? नकाशा ड्रेनेज खात्याच्या एका कपाटात, हार्ड डिस्कमध्ये होता. तिची गल्ली नदीकाठच्या रस्त्यापेक्षा सव्वादोन मीटर खाली आहे, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मीच लिहिलेलं होतं. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसानं तो नकाशा कधी पाहिलाच नव्हता. तो त्याच्या खात्याचा नव्हता ना!

आता माझं घरगुती रडगाणं बाजूला ठेवू. मुद्दा मोठा आहे.

दर पावसाळ्यात आपण टीव्हीवर ऐकतो, "धरणातून अमुक हजार क्युसेकनं विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं." मला सांगा, क्युसेक म्हणजे काय हे तुमच्या सोसायटीतल्या किती जणांना माहितीय? सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. बरं, हेही कळलं समजा. पुढे काय? माझ्या गल्लीत पाणी येणार की नाही? आलं तर घोट्यापर्यंत की गळ्यापर्यंत? किती वाजता? नदीकाठचा माणूस म्हणजे नक्की कोण? पाण्यापासून पन्नास मीटरवरचा, की पाचशे मीटरवरचा पण खड्ड्यात राहणारा?

क्युसेकचं गल्लीत भाषांतर करायला तीन गोष्टी लागतात. किती पाणी सुटतंय आणि खाली किती पाऊस पडतोय, हा पहिला आकडा. जमिनीची उंचसखलता, ही दुसरी गोष्ट. आणि कुठं कोण राहतंय, ही तिसरी. विसर्ग जलसंपदा खात्याकडे. पाऊस हवामान खात्याकडे. लेव्हल ड्रेनेजकडे. प्लॉट भूमी अभिलेखकडे, घरपट्टीची यादी कर खात्याकडे. डीपी आणि फीडर वीज कंपनीकडे. गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरत आलेली बाई कोण, हे आशाताईंच्या वहीत. आणि सगळ्यात मोलाची माहिती अग्निशमन दलाच्या कॉल रजिस्टरमध्ये. कोणत्या साली, किती वाजता, कोणत्या गल्लीतून "पाणी शिरलं" म्हणून फोन आला, हे तिथं दर वर्षी लिहिलं जातं. पुराचा याच्याइतका खरा इतिहास दुसरीकडे मिळणार नाही. पावसाळा संपला की ते रजिस्टर कपाटात.

म्हणजे माहिती आहे. पैसे देऊन गोळा केलेली आहे. फक्त ती एका टेबलावर येत नाही.

२५ जुलै २०२४, पुणे. खडकवासल्यातून पहाटे ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, वरून पाऊस कोसळत होता आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक उठले ते घरात पाणी बघून. बोटी आल्या, लष्कर आलं. आपल्याकडे पूररेषा दोन असतात: निळी, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. पुण्यात निळी रेषा ६० हजार क्युसेकची धरलेली आहे आणि लाल एक लाखाची. मग साठ हजाराच्या कितीतरी खाली असताना घरं बुडाली कशी? धरणाखालच्या पाणलोटातून आलेलं पाणी, नदीपात्रात टाकलेला भराव, अरुंद झालेलं पात्र, कारणं शोधता येतील. पण याचा सरळ अर्थ असा की कागदावरची रेषा आणि जमिनीवरची नदी यांची ओळख राहिलेली नाही. आणि नंतर दिवसभर चर्चा कसली? कुणी कुणाला कधी कळवलं याची. एका खात्यानं दुसऱ्याला फोन केला की मेसेज, किती वाजता, कुणी उचलला. अहो, २०२४ साली लाखो माणसांचं शहर "निरोप पोचला का" यावर चालतंय!

त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी इथं हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्यानं जीव गेला. पाणी कुठं चढणार हे ज्याला कळतं आणि वीज कुठून बंद करायची हे ज्याला कळतं, ते दोघं एकाच नकाशाकडे बघत नसतील तर शहराशहरात हेच होणार. पूर म्हणजे फक्त बुडणं नव्हे. शॉक, उघडं मॅनहोल, पडलेली भिंत, यांनीही माणसं जातात. आणि या प्रत्येक गोष्टीची जागा कुठल्या ना कुठल्या खात्याला माहीत असते.

थोडं मागे जाऊ. २६ जुलै २००५, मुंबई. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला किती? जेमतेम ७३. दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्या माणसाला उपनगरं बुडताहेत याचा खिडकीतून पत्ता लागणं शक्य नव्हतं. लोक नेहमीसारखे घरी जायला निघाले आणि मधल्या रस्त्यांवर अडकले, गाड्यांच्या बंद काचांआड गेले. चारशेच्या वर माणसं एकट्या मुंबईत गेली. नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, २००६ मध्ये अहवाल आला. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक लागले, डॉप्लर रडार आलं. २०२० च्या जूनमध्ये 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती, नद्या, जमिनीची उंची हे सगळं एकत्र करून कुठं किती पाणी साचेल हे सांगणारी. मुंबईनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण मुंबईकरांनो, आपल्या गल्लीसाठी या यंत्रणेचा अंदाज तुम्ही स्वतः शेवटचा कधी पाहिलात? पाऊस वाढला की तुम्ही काय उघडता? व्हॉट्सॲप ग्रुपच ना? "हिंदमाताला पाणी आहे का?" आणि कुणीतरी मागच्या वर्षीचा व्हिडिओ टाकतो.

जगात हे कुणी केलंय का? केलंय. जकार्ता आपल्यासारखंच तुंबणारं शहर. २०१४ च्या सुमाराला तिथं एक उघडा नकाशा सुरू झाला. लोक सोशल मीडियावर आपल्या गल्लीतल्या पाण्याची खबर देतात, ती थेट नकाशावर दिसते आणि तिथलं सरकारी आपत्ती खातं तोच नकाशा वापरतं. सॉफ्टवेअर खुलं. जवळचं उदाहरण हवं तर चेन्नई. २०१५ च्या डिसेंबरात शहर बुडत असताना स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशा मांडला आणि लोकांनी हजारो रस्ते "इथं पाणी आहे" म्हणून त्यावर नोंदवले. आणखी जवळचं म्हणजे सुरत. २००६ च्या पुरानं शहर झोपलं, त्यानंतर उकाई धरणातलं पाणी आणि शहरातली पातळी यांची सांगड घालणारी पूर्वसूचना यंत्रणा त्यांनी उभी केली. यातलं एकही शहर पॅरिस नाही. आपल्यासारखीच गर्दी, आपल्यासारखेच नाले, आपल्यासारखीच सरकारी ऑफिसं.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे उद्घाटन होतं. भिंतभर स्क्रीन असलेलं कमांड अँड कंट्रोल सेंटर. फीत कापली, नेत्यांनी हेडफोन लावून फोटो काढला, पेपरात आलं. एकदा असंच सेंटर बघायचा योग आला. स्क्रीनवर चौकांचे सीसीटीव्ही होते. सिग्नल तोडणारे दिसत होते, झकास. मी विचारलं, "समजा रात्री तीन वाजता धरणवाले म्हणाले की चाळीस हजार क्युसेक सोडतोय, तर कोणत्या गल्ल्या आणि किती तळमजले, हे इथं दिसेल का?" समोरचा पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, त्याचा डेटा आमच्याकडे नाही. तो त्यांच्याकडे असतो." त्यांच्याकडे! हा "त्यांच्याकडे" नावाचा देव आपल्या प्रत्येक शहरात आहे. सगळं त्याच्याकडे असतं आणि तो कुणालाच दर्शन देत नाही.

तीच गोष्ट मोबाईलच्या अलर्टची. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन अचानक किंचाळले होते, आठवतंय? चाचणीचा संदेश होता. म्हणजे एका ठरावीक भागातल्या प्रत्येक मोबाईलवर इशारा पोचवायची नळी तयार आहे. पण त्या नळीतून येणार काय? "जिल्ह्यात मुसळधार पावसाची शक्यता." जिल्हा! जिल्हा म्हणजे शंभर किलोमीटर इकडे, शंभर तिकडे. "तुमच्या गल्लीत दोन तासांत कमरेएवढं पाणी येईल, वरच्या शाळेत जा" हे लिहायला नकाशा लागतो.

आता नेहमीचे आक्षेप.

"सुरक्षेचा प्रश्न आहे, नकाशे उघडे करता येत नाहीत." मी माहिती अधिकारात नाल्याच्या लेव्हल मागितल्या होत्या. मीच मोजलेल्या, बरं का. उत्तरात भला मोठा नकाशा ए-फोर कागदावर बारीक करून, झेरॉक्सची झेरॉक्स आली. भिंग घेऊनही आकडा वाचता येईना. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नकाशांवरचे निर्बंध सैल केले. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात तर सार्वजनिक पैशातून तयार झालेली अशी माहिती सगळ्यांसाठी सहज उपलब्ध असावी, असं म्हटलंय. दिल्लीनं कुलूप काढलं, कपाटाची किल्ली मात्र अजून क्लार्कच्या खिशात आहे.

"लोक घाबरतील." लोक रात्री तीनला बाथरूमच्या जाळीतून पाणी आलं की घाबरतात. आदल्या दिवशी दुपारी कळलं तर सामान माळ्यावर टाकतात आणि पाहुण्यांकडे जातात.

"खासगी माहिती फुटेल." हा आक्षेप मात्र खरा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं नाव गावभर करायचं नाही. ती यादी फक्त अग्निशमन दल आणि वॉर्ड अधिकाऱ्यापुरती ठेवा. पण नाल्याची लेव्हल काय कुणाची खासगी आहे का?

"पैसे नाहीत." एकच नाला तीनदा मोजायला होते.

खरं कारण वेगळंय आणि ते सगळ्यांना माहितीय. जमिनीचा भाव. नकाशावर एकदा गल्लीगणिक पाण्याची उंची उमटली, की कुठला टॉवर ओढ्यावर उभा आहे, कुठला लेआउट पूररेषेत मंजूर झाला, कुणाच्या सहीनं झाला, हे लहान पोरालाही दिसेल. विस्कळीत माहिती ही कुणाची तरी सोय असते. इथं बिल्डर-नगरसेवक-अधिकारी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, तुम्ही टाळ्याही वाजवाल. पण आपलं काय? आमच्या सोसायटीत मी सुचवलं, गेटवर त्या वर्षीच्या पाण्याची खूण रंगवू या, साल लिहू या. सेक्रेटरी म्हणाले, "अहो भाऊ, मला फ्लॅट विकायचाय." ठराव बारगळला. लपवाछपवी वरपासून खालपर्यंत आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. ज्याला तो फ्लॅट विकला जाईल, त्याचीही कुणीतरी मावशी असेल.

नकाशानं पाणी थांबत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुंबलेला नाला उपसावाच लागतो आणि नदीतला भराव काढावाच लागतो. पण सगळ्यांसमोर एकच नकाशा असला की "आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य कुणाला बोलता येत नाही. माझ्या मते अर्धी लढाई तिथंच आहे.

आणि आता कायदाही आहे. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती लागू झाली. महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करायची त्यात तरतूद आहे. राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर आपत्तीची माहिती एकत्र ठेवायचीही. चांगलं आहे. पण प्राधिकरण म्हणजे आणखी एक पाटी, आणखी एक गाडी आणि आणखी एक कपाट, असं होऊ द्यायचं नसेल तर आत्ताच मागायला हवं. मी मागतोय ते एवढंच:

१. शहरभर उंची मोजायची एकच पद्धत, समुद्रसपाटीपासून. प्रत्येक नाल्याला एकच नाव, प्रत्येक गल्लीला एकच क्रमांक. गणेशनगरं तीन असू देत, क्रमांक तीन वेगळे हवेत.

२. अमुक क्युसेकला अमुक गल्ल्या, असा तक्ता. मे महिन्याच्या आत, वॉर्ड ऑफिसच्या आणि सोसायटीच्या दारावर, मराठीत, कागदावर. हो, कागदावरच. पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतो, ॲप उघडत नाही.

३. अग्निशमन दलाचे पाणी शिरल्याचे कॉल दर वर्षी दिवाळीच्या आत नकाशावर. नावं नकोत, गल्ली आणि वेळ पुरे.

४. वीज, पाणी, ड्रेनेज, पोलीस, धरण सगळ्यांनी त्याच नकाशावर आपापला थर द्यायचा. स्कॅन केलेली पीडीएफ नको, कॉम्प्युटरला वाचता येईल अशी माहिती.

५. पावसाळ्याआधी एक रंगीत तालीम, रात्रीची. बोटवाला, डीपी बंद करणारा वायरमन, आशाताई, सगळे हजर. स्क्रीनसमोरचा फोटो नाही काढला तरी चालेल.

तुम्ही काय करू शकता? माहिती अधिकारात एक अर्ज टाका. तीनच प्रश्न विचारा. माझ्या प्रभागाचा उंचीचा नकाशा कोणत्या खात्याकडे आहे? मागच्या पाच वर्षांत पाणी शिरल्याचे कॉल कोणकोणत्या गल्ल्यांतून आले? आणि हे दोन्ही आपत्ती कक्षाकडे आहेत का? उत्तर काय आलं ते इथं टाका. "उपलब्ध नाही" आलं तरी टाका, तेही उत्तरच आहे.

आणि कमेंटमध्ये एवढं लिहा: शहर, गल्ली, साल आणि पाणी कुठवर आलं होतं. "तिसऱ्या पायरीपर्यंत", "मीटर बॉक्सपर्यंत", "देवघराच्या कट्ट्यापर्यंत", जसं आठवतंय तसं. घर नंबर नको. मी दर रविवारी बसून ते नकाशावर चढवणार आहे आणि नकाशा सगळ्यांसाठी उघडा ठेवणार आहे. एकट्याचं काम नाही, माहीत आहे. पण सुरुवात तर करतो.

पहिली नोंद मीच टाकलीय. गणेशनगर, नाल्याकाठचं. पाणी ओट्याच्या कडाप्प्याला चार बोटं कमी. सांगणारी, मावशी.